सर्व्हरला स्क्रीन नाही, तर नसू दे

व्हीएमसाठी (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणारं दुसरं मशीन) नवा सर्व्हर आला की टीममधलं कोणीतरी हमखास म्हणतं, "आधी एखादा हलकासा डेस्कटॉप टाकू या, मग व्हर्ट-मॅनेजर हा खिडक्या-बटणांचा प्रोग्राम उघडून आरामात व्हीएम करता येतील." माझं उत्तर ठरलेलं असतं: नको. हलका म्हणून टाकलेल्या डेस्कटॉपमागून शेकडो पॅकेजेस येतात, त्यांची अपडेट्स येतात, डिस्प्ले मॅनेजर येतो, आवाजाची सर्व्हिस येते. ज्या मशीनला जन्मात स्पीकर लागणार नाही तिच्यावर ब्लूटूथसुद्धा येतं. त्यात ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर वीज वाचवायची त्याची खोड वेगळीच. लॉगिन स्क्रीनवर काही मिनिटं कोणी फिरकलं नाही की तो मशीन सस्पेंड करायला निघतो, आणि होस्ट, म्हणजे मूळ सर्व्हर, झोपला की त्यावरच्या सगळ्या व्हीएम झोपल्या. एवढा पसारा कशासाठी, तर एका इन्स्टॉलरची पाच-सहा पानं एकदा बघायला.

इन्स्टॉलरला खरं तर स्क्रीन लागतच नाही. त्याला अक्षरं उमटवायला एक जागा लागते आणि कीबोर्डची बटणं कुठून तरी यावी लागतात, बस. ती जागा कुठली, हे व्हीएम सुरू करण्याआधी ठरवलं की पुढचं काम सरळ आहे. ठरवलं नाही तर काळ्या टर्मिनलकडे बघत बसायचं. माझ्याकडे येणाऱ्या "व्हीएम चालूच होत नाही" छापाच्या तक्रारींपैकी बहुतेकींमध्ये व्हीएम व्यवस्थित चालू असते. ती बोलत असते, फक्त भलत्या दिशेला तोंड करून.

पूर्ण कमांड इथे देत नाहीये. दुसऱ्याच्या डिस्ट्रोवरची (लिनक्सच्या उबुंटू, डेबियन अशा अवतारावरची), दुसऱ्याच्या व्हर्जनची कमांड चिकटवून फार क्वचित काही साधतं, आणि व्हीएम बनवणाऱ्या व्हर्ट-इन्स्टॉल या कमांडचं मॅन पेज चांगलं आहे. कुठला पर्याय का द्यायचा, तेवढं लिहितो.

आधी होस्ट

लिनक्स होस्ट असेल तर वेगळं काही विकत घ्यायची, वेगळं कर्नल (ओएसचा गाभा) टाकायची गरज नाही. प्रोसेसरच्या मदतीने व्हीएम चालवणारा कर्नलचा भाग, केव्हीएम, २००७च्या फेब्रुवारीत, २.६.२० या कर्नलमध्ये आलं आणि तेव्हापासून तिथेच आहे. त्याच्यावर व्हीएमचं बाकीचं हार्डवेअर उभं करणारं क्यूईएमयू, आणि क्यूईएमयूच्या लांबलचक कमांड रोज टाइप कराव्या लागू नयेत म्हणून लिबव्हर्ट. आपण हात लावतो तो मुख्यतः लिबव्हर्टच्या दोन हत्यारांना: व्हीएम जन्माला घालायला व्हर्ट-इन्स्टॉल, आणि पुढे तिला सांभाळायला व्हर्श.

प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशन येतं का ते पहिल्यांदा बघा. प्रॉक-सीपीयूइन्फोमध्ये इंटेल असेल तर व्हीएमएक्स आणि एएमडी असेल तर एसव्हीएम हे फ्लॅग दिसले पाहिजेत. फ्लॅग आहे पण डेव्ह-केव्हीएम ही फाइलच नाही, असं असेल तर बहुधा बायॉसमध्ये ते बंद ठेवलेलं असतं. फ्लॅगच दिसत नसेल तरी आधी बायॉस बघा, कारण तिथे बंद असेल तर नवी कर्नलं फ्लॅगही दाखवत नाहीत. तिथे ठीक असेल तर तुमचा "सर्व्हर" ही स्वतःच कोणाची तरी व्हीएम असण्याची शक्यता मोठी, आणि मग आत व्हीएम चालवायची परवानगी वरच्याने द्यावी लागते. केव्हीएमशिवायही क्यूईएमयू चालतं, प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरित करत. पण त्यावर इन्स्टॉलर चालवून बघा, संयमाची परीक्षा होते. व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट ही एक कमांड हे सगळं एकदम तपासून देते, पहिली तीच चालवावी.

डेबियन किंवा उबुंटूवर क्यूईएमयू टाकताना शिफारस केलेली पॅकेजेस नकोत असं सांगितलेलं बरं, नाहीतर जीटीकेचा खिडकीवाला भाग नकळत आत येतो, म्हणजे ज्याला आपण दारातून नाही म्हणालो तो खिडकीतून आला. मात्र शिफारशी सरसकट बंद केल्या की त्यात व्हीएमना आयपी पत्ते वाटणारं डीएनएसमास्कही गळू शकतं, आणि मग लिबव्हर्टचं डीफॉल्ट नेटवर्क सुरूच होत नाही. ते वेगळं नाव घेऊन टाकावं.

अजून एका गोष्टीत नवे लोक हमखास अडकतात. रूट म्हणून व्हीएम केली, नंतर साध्या युजरने व्हर्श लिस्ट चालवली, तर यादी रिकामी! व्हीएम गेली कुठे? कुठे गेली नाही. लिबव्हर्टची दोन दालनं आहेत, सिस्टिम आणि सेशन. रूट आपोआप सिस्टिममध्ये जातो आणि साधा युजर आपल्या खासगी सेशनमध्ये. युजरला लिबव्हर्टच्या ग्रुपमध्ये घालायचं, लॉगआउट होऊन परत यायचं, आणि लिबव्हर्ट-डीफॉल्ट-यूआरआय या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सिस्टिमचा पत्ता कायमचा लिहून ठेवायचा. मग हा गोंधळ पुन्हा होत नाही.

आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची अख्खी सीडी एका फाइलमध्ये) होम डिरेक्टरीत ठेवू नका. क्यूईएमयू तुमच्या नावाने चालत नाही, त्याचा वेगळा युजर असतो, आणि त्याला तुमच्या घरात शिरता येत नाही. व्हार-लिब-लिबव्हर्टच्या आतल्या इमेजेस फोल्डरमध्ये टाकली की विषय संपतो.

सीरियल कन्सोल

आता मुख्य भाग. क्यूईएमयू अख्खा पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं, आणि त्या पीसीला जुन्या काळचा सीरियल पोर्टसुद्धा असतो, १६५५०ए चिपची हुबेहूब नक्कल. खऱ्या मशीनवर त्या पोर्टला वायर लावून दुसऱ्या टोकाला टर्मिनल ठेवायचे. इथे वायर म्हणजे होस्टवरचं एक पीटीवाय (सॉफ्टवेअरमधलं खोटं टर्मिनल), आणि दुसऱ्या टोकाला तुमची एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन केलेली खिडकी. लिनक्स कर्नलला हा पोर्ट फार आधीपासून नीट कळतो. त्याला फक्त सांगावं लागतं की बाबा रे, स्क्रीनवर नको, तिकडे बोल.

ते सांगायचं कर्नलच्या पॅरामीटरमधून: कन्सोल, बरोबरचं चिन्ह, टीटीवायएस० (पहिल्या सीरियल पोर्टचं लिनक्समधलं नाव), आणि पुढे स्पीड ११५२०० दिला तर उत्तम. व्हर्ट-इन्स्टॉलमध्ये हे एक्स्ट्रा-आर्ग्ज या पर्यायात जातं. सोबत ग्राफिक्स नन, म्हणजे स्क्रीन नकोच.

काळ्या टर्मिनलचा खड्डा इथेच आहे. इन्स्टॉलर कुठून घ्यायचा हे सांगायला व्हर्ट-इन्स्टॉलमध्ये दोन पर्याय आहेत, सीडीरॉम आणि लोकेशन. एक्स्ट्रा-आर्ग्ज चालतं फक्त लोकेशनबरोबर, सीडीरॉमबरोबर नाही. कारण साधं आहे. सीडीरॉम दिलं की व्हीएम खऱ्या मशीनसारखी त्या आयएसओवरून बूट होते. आयएसओच्या आतला बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) आपल्या मनाप्रमाणे कर्नल उचलतो, आणि त्या कर्नलला काय सांगायचं ते आयएसओ बनवणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्यात सीरियलचं नाव नसतं. लोकेशन दिलं की व्हर्ट-इन्स्टॉल स्वतः कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलचं गाठोडं) बाहेर काढतं आणि थेट क्यूईएमयूच्या हातात देतं. बूटलोडर मध्ये येतच नाही, म्हणून पॅरामीटर आपल्या हातात राहतात.

मध्यंतरी टीममध्ये नव्या आलेल्या मुलीचा मेसेज आला.

"सर, व्हीएम हँग झालीये. एस्केप कॅरेक्टरची ओळ आली आणि त्यापुढे काहीच नाही."

"सीडीरॉम दिलंय की लोकेशन?"

"सीडीरॉम. आयएसओ लोकलच आहे ना, म्हणून."

"लोकेशनला लोकल आयएसओसुद्धा चालते. व्हीएम हँग नाहीये, ती न दिसणाऱ्या स्क्रीनवर तुला भाषा विचारतेय."

तिने व्हीएम पाडली, सीडीरॉमच्या जागी लोकेशन लिहिलं, एक्स्ट्रा-आर्ग्ज जोडलं. एस्केप कॅरेक्टरची तीच ओळ आली, एक क्षण गेला, आणि मग चौकोनी कंसातल्या वेळा घेऊन कर्नलच्या ओळी धबाधबा वर सरकायला लागल्या. मेमरी किती सापडली, व्हर्टिओची (व्हीएमसाठीच बनवलेल्या वेगवान प्रकारची) डिस्क व्हीडीए म्हणून दिसली, नेटवर्क कार्ड आलं, आणि पाठोपाठ इन्स्टॉलरचं पहिलं पान टर्मिनलमध्येच. "हे तर आधीपासून असंच होतं का?" हा तिचा पुढचा मेसेज. हो, असंच होतं.

लोकेशनला आयएसओ देताना उबुंटूच्या सर्व्हर आयएसओत कर्नल कुठे आहे ते व्हर्ट-इन्स्टॉलला कधी कधी सापडत नाही. तेव्हा लोकेशनच्याच पुढे स्वल्पविराम देऊन कॅस्पर फोल्डरमधलं व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी हे दोन रस्ते सांगायचे. डेबियनला मी आयएसओ घेतच नाही. त्यांच्या मिरर सर्व्हरवरच्या इन्स्टॉलर फोल्डरचा यूआरएल लोकेशनला दिला की दोन छोट्या फाइल उतरतात आणि बाकीचं इन्स्टॉलर स्वतः नेटवरून आणतो. फेडोरा आणि त्याच्या कुळातल्या डिस्ट्रोंनाही इन्स्टॉल ट्रीचा यूआरएल चालतो.

मेमरी एमआयबीमध्ये लिहायची, म्हणजे दोन जीबीला २०४८. ओएस-व्हेरियंट नीट द्या. त्यावरून डिस्क आणि नेटवर्क कार्ड कुठल्या प्रकारचं द्यायचं ते ठरतं, आणि ओळख पटली नाही तर व्हर्टिओऐवजी जुन्या हार्डवेअरची संथ नक्कल पदरात पडू शकते. होस्टचा डेटाबेस जुना असेल आणि तुमची गेस्ट ओएस (व्हीएमच्या आत चालणारी) ताजी, तर यादीत तिचं नाव नसतं. तेव्हा तिच्या आधीच्या व्हर्जनचं नाव द्यायचं, काही बिघडत नाही.

टर्मिनलमध्ये इन्स्टॉलर दिसायला लागला तरी तो बऱ्याचदा खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात ८० गुणिले २४ एवढ्याच जागेत दिसतो, तुमची खिडकी कितीही मोठी असू दे. सीरियल लाइनवरून खिडकीचा आकार कळवायची सोयच नाही, अक्षरं जातात-येतात तेवढंच. इन्स्टॉल होताना त्याकडे दुर्लक्ष करा. नंतर लॉगिन केल्यावर एसटीटीवायने ओळी आणि कॉलम सांगितले की व्हिम ताळ्यावर येतं. मध्येच स्क्रीनवर कचरा झाला तर कंट्रोल आणि एल.

बाहेर पडायचं कंट्रोल आणि बंद चौकोनी कंस दाबून. लोकांना हे माहीत नसतं, ते एसएसएचची खिडकीच बंद करतात. मग पुन्हा जोडायला गेलं की व्हर्श सांगतं, या डोमेनचं कन्सोल सेशन आधीच चालू आहे. तेव्हा व्हर्श कन्सोलला फोर्स जोडलं की जुनं सेशन सुटतं.

आणि हे सगळं टीमक्सच्या आत करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल सर्व्हरवर जिवंत राहतं. टीमक्स नसताना एसएसएच तुटलं तर व्हीएम मरत नाही, ती होस्टवर सुरूच असते. पण व्हर्ट-इन्स्टॉल मात्र मरतं, आणि त्याचं एक काम शिल्लक राहतं. इन्स्टॉल चालू असताना गेस्टने रीबूट मागितलं की लिबव्हर्ट व्हीएम नुसती बंद करतं. इन्स्टॉलरच्या कर्नलऐवजी डिस्कवरून तिला परत उठवणं ही व्हर्ट-इन्स्टॉलची जबाबदारी असते. ते जाग्यावर नसेल तर इन्स्टॉल पूर्ण होऊनही व्हीएम बंद दिसते आणि माणूस समजतो फसलं. व्हर्श स्टार्ट म्हणा, उठते.

उठल्यावर पुन्हा बोलेल ना, हा पुढचा प्रश्न. इन्स्टॉलरला दिलेला कन्सोल पॅरामीटर बहुतेक डिस्ट्रो नव्या सिस्टिमच्या ग्रब या बूटलोडरमध्येही लिहून ठेवतात, पण विश्वासावर राहू नका. पहिल्या लॉगिनलाच ग्रबची डीफॉल्ट फाइल उघडून बघा. कर्नलच्या ओळीत टीटीवायएस० हवं. ग्रबचा मेन्यूही तिकडेच यावा म्हणून ग्रबचं टर्मिनल सीरियल करा आणि सीरियलच्या कमांडमध्ये स्पीड तोच ११५२०० ठेवा. मेन्यूचं महत्त्व एरवी कळत नाही. अपडेटनंतर नवं कर्नल बूट होईना आणि जुनं निवडायचंय, तेव्हा कळतं. कन्सोल पॅरामीटर दोन दिले, एक टीटीवाय० (स्क्रीन) आणि एक टीटीवायएस०, तर कर्नलचे मेसेज दोन्हीकडे जातात, पण डेव्ह-कन्सोल म्हणजे शेवटी लिहिलेला. म्हणून सीरियल शेवटी. सिस्टिमडी (सर्व्हिसेस सुरू करणारा लिनक्सचा कारभारी) असेल तर या पॅरामीटरवरून टीटीवायएस०वर लॉगिन प्रॉम्प्ट आपोआप येतो. पॅरामीटर नसेल आणि एसएसएचने आत शिरता येत असेल, तर सीरियल-गेटीची सर्व्हिस त्या पोर्टसाठी चालू केली तरी भागतं.

विंडोज आणि बाकीची हट्टी मंडळी

विंडोजच्या इन्स्टॉलरला सीरियल वगैरे कळत नाही, त्याला चित्रच दाखवायचं असतं. तिथे ग्राफिक्स व्हीएनसी (नेटवर्कवरून स्क्रीन दाखवायची पद्धत) द्यायचं आणि लिसनला १२७.०.०.१, म्हणजे फक्त होस्टच्या आतूनच. मग लॅपटॉपवरून एसएसएचच्या बोगद्यातून ५९०० पोर्ट ओढून आणायचा आणि आपल्याच मशीनवरच्या व्हीएनसी व्ह्यूअरने बघायचं. कुठल्या व्हीएमचं डिस्प्ले कितवं, ते व्हर्श व्हीएनसीडिस्प्ले सांगतं. शून्य म्हणजे ५९००, एक म्हणजे ५९०१.

बोगद्याचा कंटाळा म्हणून लिसन चारही शून्यांवर, म्हणजे सगळ्यांना खुलं, ठेवणारे आणि पासवर्ड लावलाय म्हणून निश्चिंत असणारे लोक मी पाहिलेत. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात आणि पुढचं संभाषण उघड्यावर चालतं. नका करू.

तुमचा लॅपटॉप लिनक्सचा असेल तर बोगदाही नको. व्हर्ट-मॅनेजर लॅपटॉपवर टाका आणि त्याला क्यूईएमयू अधिक एसएसएच असा सर्व्हरचा पत्ता द्या. खिडक्या, बटणं सगळं इकडे, सर्व्हरवर एकही खिडकी नाही. डेस्कटॉप टाकू या म्हणणाऱ्यांना मी शेवटी हेच दाखवतो, आणि वाद तिथे मिटतो.

विंडोजच्या आयएसओचा एक छळ आहे. "सीडीवरून बूट करायला कुठलंही बटण दाबा" हा मेसेज काही सेकंदच दिसतो, आणि बोगदा जोडून व्ह्यूअर उघडेपर्यंत तो निघून गेलेला असतो. व्ह्यूअर आधी जोडून ठेवायचा, मग दुसऱ्या टर्मिनलमधून व्हर्श रीसेट मारायचं आणि लगेच स्पेसबार. व्ह्यूअर जोडायचाच नसेल तर व्हर्श सेंड-की होस्टवरूनच व्हीएमला बटण दाबून देतं. त्याचा जोडीदार म्हणजे व्हर्श स्क्रीनशॉट. व्हीएमला व्हिडिओ कार्ड असेल तर तिच्या न दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो फाइलमध्ये काढून देतं. एससीपीने फाइल इकडे आणायची आणि बघायची. या दोन कमांडवर अख्खं इन्स्टॉल करता येईल असं म्हणणार नाही, पण "ही नक्की कुठे अडकलीये" याचं उत्तर स्क्रीनशॉटइतकं पटकन कशानेच मिळत नाही.

डिस्क व्हर्टिओची दिली असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही, कारण ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. व्हर्टिओ ड्रायव्हरची आयएसओ दुसरी सीडी म्हणून आधीच जोडून ठेवा आणि डिस्क निवडायच्या पानावर लोड ड्रायव्हर करून व्हिओस्टोर निवडा. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. होस्टवर एसडब्ल्यूटीपीएम टाकलं की तीही नक्कल मिळते.

प्रश्नच नको असतील तर

एकच व्हीएम करायची असेल तर इन्स्टॉलर ठीक आहे. चौथ्यांदा तीच भाषा, तोच टाइमझोन, तेच पार्टिशन निवडताना माणसाला कळायला हवं की आपण मशीनचं काम करतोय. डेबियनचं प्रीसीड, फेडोराचं किकस्टार्ट आणि उबुंटूचं ऑटोइन्स्टॉल हे इन्स्टॉलरला आधीच उत्तरं देण्याचे रस्ते आहेत. मी मात्र आताशा बहुतेक वेळा इन्स्टॉलरच वगळतो आणि क्लाउड इमेज घेतो.

क्लाउड इमेज म्हणजे आधीच इन्स्टॉल केलेली ओएस, क्यूकाऊ२ (क्यूईएमयूचा डिस्क साठवायचा फॉरमॅट) फाइलमध्ये बंद. सीरियल कन्सोल बहुतेकींत आधीच चालू असतो, कारण या इमेज बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत असतं की समोर स्क्रीन नसणार. आत क्लाउड-इनिट असतं, जे पहिल्या बूटला विचारतं: मी कोण, माझा युजर कोण, एसएसएचची की कुठली? त्याला उत्तरं द्यायची ती यूजर-डेटा आणि मेटा-डेटा या दोन फाइलमधून. त्या एका छोट्या आयएसओत घालायच्या आणि आयएसओचं लेबल सीआयडेटा ठेवायचं. लेबल चुकलं तर क्लाउड-इनिट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. व्हर्ट-इन्स्टॉलमध्ये क्लाउड-इनिट नावाचाच पर्याय आहे, तो ही आयएसओ स्वतः बनवतो आणि पहिल्या बूटनंतर काढूनही घेतो.

यूजर-डेटाची पहिली ओळ हॅश आणि क्लाउड-कॉन्फिग, हुबेहूब. ती सुटली तर बाकी फाइल कितीही बरोबर असली तरी कॉन्फिग म्हणून वाचली जात नाही. ही फाइल वायएएमएल या फॉरमॅटमध्ये असते आणि त्यात इंडेंटला टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. या इमेजमध्ये पासवर्ड नसतो, त्यामुळे की द्यायला विसरलात तर कन्सोलवर लॉगिन प्रॉम्प्ट दिमाखात उभा असतो आणि आत जायचा रस्ता नसतो.

मग माणूस यूजर-डेटा दुरुस्त करतो, आयएसओ परत बनवतो, व्हीएम परत चालू करतो, आणि काहीही बदलत नाही. डोकं धरून बसायची ही खास जागा. क्लाउड-इनिटच्या लेखी पहिलं बूट म्हणजे मेटा-डेटामधल्या इन्स्टन्स-आयडीचं पहिलं दर्शन. आयडी तोच असेल तर ते म्हणतं, या मशीनचं काम मी केलेलं आहे. आयडी बदला, किंवा डिस्क टाकून देऊन मूळ इमेजवरून नवी काढा. मी दुसरं करतो, कारण नवी डिस्क काढायला क्षणभरच लागतो.

क्षणभर कसा, ते क्यूकाऊ२च्या बॅकिंग फाइलमुळे. मूळ इमेज एकदाच उतरवायची, फक्त वाचण्याची परवानगी ठेवून बाजूला ठेवायची, आणि प्रत्येक व्हीएमसाठी क्यूईएमयू-आयएमजीने तिच्यावर बेतलेली नवी फाइल करायची. नव्या फाइलमध्ये फक्त फरक साठतो, त्यामुळे सुरुवातीला ती काही शे केबीचीच असते. आकारही तेव्हाच वाढवून मागायचा. मूळ इमेजचा आकार जेमतेम असतो, नव्या फाइलला २० जीबी सांगितलं की पहिल्या बूटला क्लाउड-इनिट पार्टिशन आणि फाइलसिस्टिम दोन्ही ताणून घेतं. बॅकिंग फाइलचा फॉरमॅट स्पष्ट लिहावा लागतो, नव्या क्यूईएमयूमध्ये ते सक्तीचं आहे. एक पथ्य: मूळ इमेजला मुलं झाल्यावर हात लावायचा नाही. पाया खणला की वरचे सगळे मजले एकदम येतात. अपडेटेड इमेज हवी असेल तर ती वेगळ्या नावाने उतरवा, जुनी तिथेच राहू दे.

नेटवर्क, थोडक्यात

डीफॉल्ट नेटवर्क म्हणजे व्हीआयआरबीआर० हा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच), १९२.१६८.१२२ची रेंज, आणि एनएटी (होस्टच्या पत्त्यामागे लपून बाहेर जाणं). व्हीएमला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला व्हीएमपर्यंत येता येत नाही. शिकायला, बिल्ड चालवायला पुरेसं. आयपी कुठला मिळाला ते कन्सोलमध्ये शिरून शोधायची गरज नाही, व्हर्श डोमआयएफअ‍ॅड्रेस किंवा नेटवर्कचे डीएचसीपी लीज (आपोआप वाटलेल्या आयपींची यादी) बघा.

व्हीएमला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता हवा असेल तर होस्टवर ब्रिज करावा लागतो, म्हणजे ज्या नेटवर्क कार्डावरून तुम्ही एसएसएचने आत आहात तेच उचलून ब्रिजमध्ये घालायचं. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर याहून धोक्याचं काम नाही. उबुंटूवर नेटप्लॅन अप्लायऐवजी नेटप्लॅन ट्राय वापरा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही, तर ते जुनी मांडणी परत आणतं. मात्र ब्रिजच्या काही सेटिंगच्या बाबतीत ट्राय स्वतःच सांगतं की हे मला उलटवता येणार नाही. तो इशारा आला तर पुढे जाऊ नका, आधी आयपीएमआय (नेटवर्क गेलं तरी सर्व्हर दुरून सांभाळायची हार्डवेअरमधली सोय) किंवा तत्सम मागचं दार उघडून ठेवा. आणि त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) असेल तर ब्रिजवरच्या व्हीएमचं ट्रॅफिक अचानक बंद पडू शकतं, कारण डॉकर फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण ड्रॉप करून ठेवतं. व्हीएममध्ये शोधत बसण्याआधी होस्टच्या फायरवॉलवर नजर टाका.

क्लोन केलेल्या दोन व्हीएमना एकच आयपी मिळत असेल तर मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) तपासून झाल्यावर मशीन-आयडी तपासा. व्हर्ट-क्लोन मॅक बदलतं, पण डिस्कच्या आत डोकावत नाही. एटीसीमधला मशीन-आयडी दोघींचा सारखाच राहतो, सिस्टिमडीचं नेटवर्किंग डीएचसीपीला स्वतःची ओळख त्यावरूनच सांगतं, आणि बिचारा डीएचसीपी सर्व्हर दोघींना एकच समजतो. एसएसएचच्या होस्ट कीसुद्धा सारख्याच राहतात. मूळ व्हीएम बंद करून क्लोन काढायची आणि ती सुरू करण्याआधी तिच्यावर व्हर्ट-सिसप्रेप चालवलं की हे सगळं पुसलं जातं.

व्हर्श शटडाउन हे गेस्टला नम्रपणे पॉवर बटण दाबल्याचं कळवतं, गेस्टने ऐकलं तर ऐकलं. डिस्ट्रॉय म्हणजे प्लग उपटणं, त्याने डिस्कची फाइल जात नाही. ती जाते अनडिफाइनला रिमूव्ह-ऑल-स्टोरेज जोडल्यावर, म्हणून त्याआधी व्हर्श डोमब्लकलिस्टने त्या व्हीएमला कोणकोणत्या फाइल जोडल्या आहेत ते वाचून घ्या. आणि होस्ट रीबूट झाल्यावर जी व्हीएम आपोआप उठायला हवी तिला ऑटोस्टार्ट लावा. नेटवर्कला तो वेगळा लावावा लागतो, नेट-ऑटोस्टार्ट नावाने.